कढईचा डगला

सपातांचं आयुष्य मोजायला बिश्केकहून बाई येणार म्हटल्यावर ओमुरझाकला हसू आलं. माणसाचं आयुष्य कुणी मोजत नाही. त्याची बायको सालकिन गेल्या हिवाळ्यात गेली, तेव्हा तिनं जन्मभर किती पाणी वाहिलं, किती लोकर पिंजली, हे एकानंही विचारलं नव्हतं. लोक आले, रडले, मटण खाऊन घरी गेले. आणि आता जर्मनीतल्या एका दुकानदाराला नमद्याच्या, म्हणजे चोळून घट्ट केलेल्या लोकरीच्या, सपातांची जन्मापासून मरणापर्यंतची कहाणी हवी होती. मेंढीनं गवत किती खाल्लं, ढेकरा किती दिल्या, लोकर धुवायला पाणी किती लागलं, ते तापवायला काय जाळलं, विमानानं धूर किती सोडला, आणि फाटल्यावर सपाता कचऱ्यात गेल्या की चुलीत.

दुकानदाराच्या गिऱ्हाइकांना म्हणे सपाता घालताना मनाला टोचणी नको होती. आधी घर इतकं तापवायचं की बनियनवर हिंडता यावं, तरी पायाला गार लागतं म्हणून सपाता घ्यायच्या, आणि मग त्या सपातांनी जगाचं वाटोळं तर होत नाही ना, याची चौकशी लावायची. चौकशीत पास झालं की डब्यावर हिरवं पान छापणार. पान नसेल तर माल नको.

"पान नसेल तर माल नको, असं सरळ सांगितलंय त्यांनी," तुर्दुकान म्हणाली. तुर्दुकान ही सालकिनची धाकटी बहीण. सालकिन गेल्यावर नमद्याचा कारखाना तीच बघत होती. कारखाना म्हणजे तरी काय, सामूहिक शेतीच्या काळातली बंद पडलेली दूधडेअरी, तिच्यात एक भलीमोठी बिडाची कढई आणि गावातल्या बायका. "तेव्हा झेझ्दे, ती बाई आली की जरा माणसासारखं बोला."

झेझ्दे म्हणजे मोठ्या बहिणीचा नवरा. आत-बाशीच्या त्या डोंगरांत मेव्हणीनं झेझ्देची टिंगल करायची, हा रिवाजच आहे. बहीण गेली म्हणून रिवाज थोडाच जातो?

"आणि ती मेंढीला ढेकर द्यायला सांगणार असेल, तर मेंढीनं काय करायचं?" ओमुरझाकनं विचारलं.

"मेंढीला मी समजावते. तुमचं तेवढं तुम्ही बघा."

कळप ओमुरझाकचा होता. त्यातलीच लोकर कारखान्यात यायची. सालकिन असताना तो उन्हाळाभर वर कुरणांत असायचा आणि कारखान्यात फिरकायचाही नाही. ती गेल्यावर मात्र रिकामं घर खायला उठे, म्हणून कळप पुतण्यावर सोपवून तो कारखान्यात कढईखाली जाळ घालायला येऊ लागला. बायका लोकर पसरायच्या, तो उकळतं पाणी आणून द्यायचा, त्या साबण लावून हातांनी चोळायच्या, आणि चोळता चोळता लोकरीची सपात व्हायची. त्यात न बोलता दिवस जायचा. त्याला तेवढंच हवं होतं.

बाई आली. एलनुरा तिचं नाव. वय असेल त्याच्या मुलीएवढं, मुलगी असती तर. अंगानं काटकुळी, पायात डोंगर चढायचे जाड बूट, आणि पिशवीत ताणकाटा. तिच्यासाठी मेंढी कापली होती. टेबलावर पिठाच्या तळलेल्या बोर्सोकांची रास, साय, मध, जर्दाळूचा मुरंबा. बोट ठेवायला जागा नव्हती. तिनं पावाचा तुकडा मोडून तोंडात टाकला, मटणाचे दोन घास खाल्ले आणि संगणक उघडला.

"हिला मोजायला शिकवलं, खायला शिकवलं नाही," उपेल म्हणाली. उपेल कारखान्यातली सगळ्यात म्हातारी कामकरीण. तिला कुजबुजता येत नसे; तिची कुजबुज रस्त्यापर्यंत जायची.

ओमुरझाकनं स्वतः एलनुरापुढं चहाची वाटी ठेवली. रिवाजाप्रमाणं अर्धीच भरलेली, म्हणजे पुन्हा पुन्हा भरता येते. त्या अर्ध्या वाटीत त्यानं साखरेचे खडे टाकले, आणखी टाकले, चहा दिसेनासा होईपर्यंत टाकत राहिला.

"पुरे बाइके, पुरे," एलनुरा म्हणाली. बाइके ही तिथं वडीलधाऱ्या पुरुषाला मारायची हाक.

"आमच्या घरात साखरेला पुरे म्हणत नाहीत," तो म्हणाला. हे बोलताना त्यानं समोर बसलेल्या बायकांकडं असं पाहिलं, की कुणाची हिंमत असेल तर हसून दाखवा. कुणी हसलं नाही. उपेलनं तोंडात बोर्सोक कोंबला.

मग प्रश्न सुरू झाले.

"मेंढ्या किती आहेत?"

तुर्दुकाननं ओमुरझाककडं पाहिलं, ओमुरझाकनं छताकडं. मेंढ्यांचा आकडा तोंडानं काढला की दृष्ट लागते, हे तिथं पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. मागची आख्खी टेकडी मेंढ्यांनी पांढरी झाली होती, खिडकीतून दिसत होती.

"आहेत चार-दोन," ओमुरझाक म्हणाला.

एलनुरानं खिडकीतून बाहेर पाहिलं. "चार-दोन?"

"देवानं दिल्यात तेवढ्या."

ती मुळात नारीनकडचीच, तिची आजी याच बाजूची. तिला कळत असावं. पण संगणकाला दृष्ट कळत नाही. तिनं काहीतरी टिपलं आणि पुढं गेली.

"पाणी कशावर तापवता?"

"कोळशावर."

"किती लागतो?"

आता इथं ओमुरझाकनं जे सांगितलं, त्यामागं बरंच काही होतं, आणि ते एलनुराला सोडून तिथल्या सगळ्यांना माहीत होतं.

सालकिन कवडीचुंबक होती. उगाच हात आखडणारी नव्हे, चांगली पंचक्रोशीत नाव काढलेली. 'सालकिनकडं चहाला निघालात? साखर खिशात घेऊन जा,' ही गावातली म्हण होती. ती साखरेची वाटी पाहुण्यापुढं ठेवायची खरी, पण दुसरा खडा उचलला की वाटी आपोआप तिच्या बाजूला सरकायची. कारखान्यात तर कहरच. कोळसा ती हिऱ्यासारखा वापरायची. छपरावर काळी पिंपं चढवून पाणी आधी उन्हात कोमट करायची. चुलीत आधी गोवऱ्या, मग गोवऱ्या, आणि अगदीच उकळी येईना तर वरून मूठभर कोळसा. पहिल्या धुण्याचं गरम पाणी फेकायचं नाही, ते पुढच्या लोकरीला. आणि उष्णता बाहेर जाते म्हणून तिनं कढईला जाड नमद्याचा डगला शिवला होता, गळ्याशी नाड्या बांधलेला, वर नमद्याचीच टोपी. गावाला वर्षभर पुरेल एवढं हसू तिनं त्या एका डगल्यात दिलं. 'सालकिनच्या कढईला डगला आहे, नवऱ्याला नाही.' पाहुण्याला पोटभर न देणारा माणूस आणि भुंकणारा घोडा, दोन्ही सारखेच, असं मानणाऱ्या लोकांत ही बाई आयुष्यभर राहिली.

मेल्यावर मात्र सगळे गप्प झाले. मेलेल्याची वर्षाची मेजवानी, म्हणजे आश, होईपर्यंत त्याच्याबद्दल वावगं बोलायचं नसतं. ओमुरझाकनं तर मनाशी ठरवलंच होतं, की आश अशी घालायची, घोडा असा कापायचा, की सालकिनच्या नावाला लागलेला तो चिकट शब्द धुऊन निघेल. तोवर शहरातून आलेल्या पोरीच्या कानावर हे जाऊ द्यायचं नव्हतं.

"कोळशाला आमच्याकडं कमी नाही," तो म्हणाला. "एका घाण्याला दोन पोती जातात. माझ्या बायकोचा शब्दच होता, लोकरीला पाणी कमी पडता कामा नये. फार सढळ हाताची होती."

टेबलाभोवती बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. मग तुर्दुकान म्हणाली, "हो. दोन पोती." सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. उपेलनं तर भरीस भर घातली. "कधी कधी अडीच," ती म्हणाली.

मेंढ्या लपवल्या आणि कोळसा फुगवला. जगात कुठल्याही व्यापाऱ्यानं याच्या उलट केलं असतं.

काही आठवड्यांनी निकाल आला. तुर्दुकान फोन हातात घेऊन तरातरा चालत ओमुरझाकच्या दारात उभी राहिली.

"ऐका. आपल्या सपाता बाजारातल्या प्लॅस्टिकच्या चपलांपेक्षा घाण आहेत."

"कोण म्हणतं?"

"हिशेब म्हणतो. कुरण, चारा सगळ्या कळपाचा आणि मेंढ्या इतक्या थोड्या, म्हणजे एकेका सपातेवर भार जास्त. आणि कोळसा इतका, की तेवढ्यात म्हणे लोखंड वितळेल. आपण जगाला काळं फासतोय, झेझ्दे, नमदा चोळून चोळून."

"मग घाल म्हणावं प्लॅस्टिक."

"तसंच करणार आहेत ते! पान नाही, म्हणजे माल नाही. मग हिवाळ्यात या बायकांनी काय चघळायचं, तुमचा स्वाभिमान?" तुर्दुकान धपकन पायरीवर बसली. "पण एक वाट आहे. दुकानदाराच्या माणसानंच फोनवर सांगितली. लोकर हा कचरा आहे, असं कळपाच्या मालकानं सांगायचं."

"काय?"

"कचरा. मेंढी पाळतो ती मटणासाठी, लोकर काय, फेकून द्यायची वस्तू. असं म्हटलं की मेंढीच्या सगळ्या ढेकरा मटणाच्या माथी. लोकर सुटली, अगदी तान्ह्या पोरासारखी निष्पाप. मग कोळसा काही का असेना, आपण त्यांनी आखलेल्या रेघेच्या खाली येतो. ती एलनुरा परत येईल, तिच्यासमोर तुम्ही एवढं एकच वाक्य बोलायचं."

ओमुरझाक आत जायला वळला.

"आणि त्यात खोटं काय आहे?" तुर्दुकाननं आवाज खाली घेतला. "ओढ्यात जाऊन बघा. सगळं गाव तिथंच लोकर टाकतं. कातरून झाली की टाकतात, नाहीतर पेटवतात. कोण विचारतं आता लोकरीला?"

तेही खरंच होतं. तिथल्या जाड्या, भरड लोकरीला आता मोल नव्हतं. ओढ्यात लोकरीचे ढीग कुजायचे, कुत्री त्यावर झोपायची. पण गावात एकच बाई अशी होती जी त्या ओढ्यात उतरून, लोकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत, ती लोकर पाठीवर घालून आणायची. 'मेंढीनं हिवाळाभर अंगावर वागवली, आणि तुम्हाला ओढ्यापर्यंत वागवायची तेवढी अक्कल आहे,' असं म्हणायची. आणि ती मेली तेव्हा तिला थडग्यापर्यंत नेलं, ते तिनंच केलेल्या नमद्यात गुंडाळून. त्या नमद्यात ओढ्यातली लोकर होती, हे ओमुरझाकला ठाऊक होतं. म्हणजे जर्मनांच्या हिशेबानं त्यानं बायकोला कचऱ्यात गुंडाळून पुरलं होतं.

"बोलेन," तो शेवटी म्हणाला. बायकांच्या हिवाळ्याचा प्रश्न होता. त्याला दुसरं काही सुचलं नाही.

एलनुरा आली त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं आणि वारा बोचरा. या वेळी मेंढी कापली नाही. तुर्दुकाननं कोंबडीवर भागवलं, पाहुणी तसंही खात नाही म्हणून. कारखान्यात सगळ्या बायका हात पुसून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. बाई आत न येता आधी डेअरीच्या मागं गेली. ओमुरझाक तिच्या मागं गेला.

"बाइके, राख कुठं टाकता?"

"ही काय."

राखेचा ढीग होता. बेताचाच होता. एलनुरानं बुटाच्या टोकानं तो उकरला. त्यात गोवऱ्यांची राख होती, भुरभुरीत आणि फिकी, आणि मधे मधे कोळशाची.

"दोन पोती एका घाण्याला, म्हणालात. वसंतापासून किती घाणे झाले, ते तुर्दुकानताईनं सांगितलंय. मग या ढिगाची टेकडी व्हायला हवी होती."

"वाऱ्यानं उडाली."

"कोळशाची राख?"

"आमच्याकडं वारा मोठा आहे."

एलनुरा हसली नाही, रागावलीही नाही. तिनं मान वर करून छपराकडं पाहिलं. तिथं काळी पिंपं आडवी पडली होती, रिकामी, एकात चिमणीनं घरटं केलं होतं. ती आत आली आणि कढईभोवती फिरली. कढईच्या गळ्याखाली बिडावर एक फिकट पट्टा होता, वर्षानुवर्षं काहीतरी बांधून ठेवल्यासारखा.

"इथं काय होतं?"

भिंतीला टेकलेल्या बायकांपैकी एकजण जमिनीकडं बघू लागली. उपेलच्या नाकातून आवाज आला. तो शिंकेचा नव्हता.

"काही नाही," तुर्दुकान घाईनं म्हणाली. "आपण आपलं ते वाक्य उरकून घेऊ. झेझ्दे, सांगा ना. बाई खोळंबल्यात."

एलनुरानं संगणक उघडला. "तुम्ही सांगाल ते मी लिहीन, बाइके. फेकून देण्याच्या वस्तूवर मेंढीचा भार पडत नाही, असा नियमच आहे. नियम काही मी केलेला नाही. पण लिहिण्याआधी एकदा विचारीन. ही लोकर तुमच्यासाठी फेकून देण्याची आहे?"

ओमुरझाकनं तोंड उघडलं. समोर चटईवर सकाळची लोकर पसरली होती, पांढरी, पिंजलेली, बोटभर उंच. त्यानं तोंड मिटलं. पुन्हा उघडलं.

"माझी बायको चिक्कू होती," तो म्हणाला.

"काय?" एलनुरा म्हणाली.

"झेझ्दे!" तुर्दुकान ओरडली. "आश व्हायचीय अजून!"

"लिही," ओमुरझाक म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "कवडीचुंबक होती. आत-बाशीत तिच्यासारखी दुसरी झाली नाही. दोन पोती? दोन पोती कोळशात तिनं अख्खा उन्हाळा काढला असता आणि उरलेला कोळसा धुऊन परत पोत्यात भरला असता. मी खोटं बोललो. ती पिंपं तिनंच चढवली. सूर्य फुकट आहे, म्हणायची, त्याच्याकडून घ्या, तो काही तुमच्याकडं चहाला येत नाही. या कढईला तिनं डगला शिवला होता. कढईला! मी बिनडगल्याचा हिंडायचो आणि कढई डगला घालून बसायची."

मग उपेल पुढं आली.

"टोपीसुद्धा होती," ती म्हणाली. "टोपी विसरू नका, बाइके. आणि धुण्याचं पाणी! एकदा मी गरम पाण्याची बादली ओतून दिली, तर तिनं आठवडाभर माझ्याशी अबोला धरला. आठवडाभर! सवतीशीसुद्धा कुणी इतकं वैर धरत नाही."

"साबणाच्या चिपा एकत्र करून त्याचा नवा साबण करायची," दुसरी म्हणाली.

"माझ्या लग्नात तिनं जो नमदा दिला, तो ओढ्यातल्या लोकरीचा होता," तिसरी म्हणाली. "मी वर्षभर रडत होते. अजून वापरतेय, मेला फाटतच नाही."

आता त्यांना कुणी आवरू शकलं नसतं. वर्षभर दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. कुणाला तिनं उष्टा चहा गाळून परत दिला होता, कुणाच्या पोराच्या हातातून साखर काढून घेतली होती. हसून हसून एकजण चटईवर बसली, आणि बसल्यावर हमसून रडू लागली. तुर्दुकान आधी डोकं धरून उभी होती. मग तीही म्हणाली, "आमच्या लहानपणी ती माझी पेन्सिल स्वतः टोकायची. मी जास्त टोकते म्हणून," आणि पदर असता तर तोंडाला लावला असता, नव्हता म्हणून ओल्या हातानंच तोंड पुसलं. साबण डोळ्यात गेला.

एलनुरा भराभर टिपत होती. थोड्या वेळानं ती थांबली.

"आणि मेंढ्या?"

सगळ्या ओमुरझाककडं बघू लागल्या. ओमुरझाकनं डाव्या खांद्यावरून थुंकल्यासारखं केलं, वाकून एलनुराच्या कानात काहीतरी सांगितलं आणि लगेच लाकडी दाराला हात लावला. एलनुराच्या भुवया वर गेल्या.

"चार-दोन," ती म्हणाली.

"तेवढ्याच," तो म्हणाला. "आणि लोकर कचरा नाही. ढेकरांचा आमचा वाटा आमच्या नावावर लिही. आम्ही भरू."

आता यापुढं त्या पोरीनं डोळे पुसून हिरवं पान काढून दिलं असतं, तर ओमुरझाकला ती अजिबात आवडली नसती. तिनं तसं काही केलं नाही.

"हे सगळं त्या होत्या तेव्हाचं," ती म्हणाली. "पिंपं आज रिकामी आहेत. कढई उघडी आहे. राखेत कोळसा आहे. दोन पोती नसेल, पण त्या जाळायच्या त्याच्या किती तरी पट आहे. मी मेलेल्या माणसाची काटकसर मोजू शकत नाही, बाइके. आज जे जळतंय तेच मोजते. आणि आज इथं तुम्ही जाळता."

हे वर्मी लागलं, कारण खरं होतं. जाळ मोठा केला की तो आवाज करतो, आणि आवाज असला की कारखान्यात कुणी नसल्यासारखं वाटत नाही. त्यानं काही मुद्दाम ठरवलं नव्हतं. फावडं भरून टाकायचं, बघत बसायचं. ज्या बाईनं मूठमूठ कोळसा वाचवला, तिच्याच चुलीत तिचा नवरा वर्षभर दुःख म्हणून कोळसा घालत होता. आणि वर लोकांना सांगत होता, की ती सढळ हाताची होती.

"डगला कुठंय?" एलनुरानं विचारलं. "फाटला?"

कुणालाच माहीत नव्हतं. तुर्दुकाननं खांदे उडवले. सालकिन गेली त्या आठवड्यातच तो नाहीसा झाला होता. कुणीतरी उचलून नेला असेल, असं सगळ्यांनी धरलं होतं.

ओमुरझाक बाहेर पडला. घर रस्त्यापलीकडंच होतं. परत आला तेव्हा त्याच्या काखेत डगला होता, टोपीसकट. धुराचा आणि साबणाचा वास येणारा, आणि मधोमध दबलेला. उशी खूप दिवस डोक्याखाली घेतली की मधे खड्डा पडतो, तसा. सगळ्यांनी तो खड्डा पाहिला. उपेलनंसुद्धा तोंडातून शब्द काढला नाही, आणि हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

त्यानं डगला कढईला चढवला आणि गळ्याशी नाड्या बांधल्या. बोटं थंडीनं आखडली होती, म्हणून वेळ लागला.

"मोज आता," तो म्हणाला.

एलनुरा उपेलकडं मुक्काम ठोकून राहिली. पिंपं छपरावर पुन्हा उभी राहिली, पाण्यानं भरली. चिमणी कधीच उडून गेली होती, तिचं घरटं चुलीत गेलं. ताणकाट्याला पोतं टांगून घाण्याआधी आणि घाण्यानंतर एलनुरा स्वतः कोळसा तोलायची. ओमुरझाक आधी गोवऱ्या लावायचा, मग गोवऱ्या, आणि फावडं त्यानं कोपऱ्यात उलटं टेकवून ठेवलं. कोळसा हातानं घालायचा. मूठभर, त्यातले दोन तुकडे परत काढायचा.

"बाइके, पाणी अजून गार आहे," एखादी ओरडायची.

"हात जोरात चोळ, तापेल."

"घ्या! मेली ती मेली, आणि हा तिच्यावरचा निघाला!"

निघायच्या दिवशी एलनुरानं हिशेब मांडला. लोकर लोकरच धरून, मेंढीचा भार धरून, आकडा रेघेच्या खाली आला होता. फार नाही, पण खाली. आता सगळ्यात मोठा बोजा कुठं उरला होता, तर विमानात. ट्रकनं, रेल्वेनं माल न्या, डबे निम्म्या आकाराचे करा, म्हणजे यातला बराच धूर जाईल, असं तिनं दुकानदाराला कळवलं. दुकानदारानं उलट कळवलं, की नाताळ थांबत नाही. डब्याला मात्र तो तयार झाला. मोठा डबा लहान करायला त्याला काहीच अडचण नव्हती, त्यात त्याचेच पैसे वाचत होते.

"म्हणजे आपण मूठमूठ कोळसा वाचवायचा आणि तो विमानभर धूर सोडणार," उपेल म्हणाली. "चांगलाय. आणि पान कुणाला?"

पान सपातांना मिळालं. बर्फ पडायच्या सुमारास एलनुरा ते घेऊन आली. नखाएवढं हिरवं पान, डब्याच्या कोपऱ्यात छापलेलं. बायकांनी डबा हातोहात फिरवला, उजेडात धरून पाहिला. खाली बारीक अक्षरांत जर्मनमध्ये काहीतरी लिहिलं होतं. तुर्दुकाननं विचारलं, यात ताईचं नाव आहे का. एलनुरा म्हणाली, नाही, नावाला जागा नसते. आकडा असतो.

"या एवढ्याशा पानासाठी आपण तिची इज्जत काढली," तुर्दुकान म्हणाली.

"इज्जत होतीच कुठं काढायला?" उपेल म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. आशच्या आधी. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. ओमुरझाकनं डब्यावरच्या पानाकडं एकदा पाहिलं, बकरी एका घासात असली दहा पानं खाते एवढंच म्हणाला, आणि डबा बाजूला ठेवला.

मग त्यानं एलनुराला घरी चहाला नेलं. घर थंड होतं. चूल पेटली होती, पण बेतानं. त्यानं वाटी अर्धी भरून तिच्यापुढं ठेवली. साखरेचं भांडं मधे ठेवलं. एलनुरानं एक खडा टाकला, ढवळला. आश कधी आहे, घोडा कुठला कापणार, असं काहीबाही विचारलं. त्यानं सांगितलं, घोडा लहानच कापणार, मोठ्याचं मांस वाया जातं. बोलता बोलता तिनं दुसरा खडा उचलला. टाकला. मग तिचा हात तिसऱ्यासाठी पुढं आला.

ओमुरझाकनं भांडं आपल्याकडं ओढलं.

"पुरे," तो म्हणाला.